धुकं निवळेपर्यंत

कंदोवानच्या बोगद्यात गाडी शिरली, तसा पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्नचा एकच कल्ला केला. पोरंटोरं खिडकीतून डोकी काढून बोंबलत होती. नवरोजच्या, नव्या वर्षाच्या सुट्टीत समुद्राकडे निघालेल्या माणसानं या बोगद्यात गप्प बसणं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परतणं. टॅक्सी चालवण्यात आयुष्य गेलेला इरज तर दर वर्षी सगळ्यांच्या वरताण हॉर्न वाजवायचा. आज मात्र त्याने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं होतं.

“वाजव की,” शेजारी बसलेली त्याची बायको फरंगीस म्हणाली.

“डोकं दुखतंय.”

उजेडात आल्यावर त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. पुढे घाट उतरताना तो म्हणाला, “खानम, बाईसाहेब, त्या पाटीवर काय लिहिलंय वाच बघू. शाळेत काही शिकलीस का ते कळू दे.”

तिने हसत वाचून दाखवलं. पुढची पाटीही वाचली. त्यापुढची वाचताना तिला हसू आलं नाही.

साखर डोळ्यांत उतरतेय, असं डॉक्टर गेल्या वर्षीच म्हणाले होते. दवाखान्यात ताटकळण्यापेक्षा दोन भाडी मारीन, असं म्हणून इरजने विषय संपवला होता. तिने आदळआपट केली, अबोला धरला, पण हा बाबा ढिम्म हलला नाही. आता एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि तिला गाडी येत नव्हती. लग्नानंतर त्याने एकदाच शिकवायला घेतलं, तेव्हा तिने गाडी थेट कालव्यात घातली. तो किस्सा त्याने प्रत्येक मेजवानीत मीठमसाला लावून सांगितला होता. पुन्हा शिकायचं नाव तिने काढलं नाही, आणि आज त्याचा तिला मनापासून पश्चात्ताप होत होता. प्रत्येक वळणावर ती पाय गाडीच्या तळाशी रोवत होती, जणू तिथे ब्रेक होता.

नौशहरच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा इतकं धुकं होतं की समुद्राचा नुसता आवाज येत होता. इरजने तंबू हाताने चाचपत उभा केला. शेजारच्या तंबूतला माणूसही तसाच चाचपडत खुंट्या ठोकत होता, स्वतःला शिव्या घालत होता. फरंगीसला फार बरं वाटलं. आज कुणालाच काही दिसत नव्हतं.

सकाळी ती तंबूतून बाहेर आली आणि जागीच थबकली. आभाळ लख्ख होतं. बंदरात जहाजं उभी होती, मागे डोंगरावरचा बर्फ चमकत होता. इरज चटईवर समुद्राकडे तोंड करून बसला होता, हातात बिनसाखरेचा चहा.

“धुकं निवळलं की बंदरावरून मासे आणू,” तो म्हणाला. “असल्यात गाडी काढण्यात अर्थ नाही.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे. समोर लाल पट्ट्याचं जहाज होतं. त्याच्या दोरावर बसलेले पक्षीसुद्धा तिला दिसत होते.

“आहे ना अजून?” त्याने विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “चांगलंच दाट आहे.”

त्याने मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या तंबूतली बाई नवऱ्यावर ओरडली, “अहो, उठा! काय लख्ख उघडलंय! जहाजावरची माणसंसुद्धा दिसतायत!”

त्या बाईच्या तोंडात बोळा कोंबावा असं फरंगीसला वाटलं. इरजचा पेला ओठांपाशीच राहिला. मग त्याने चटईवर हात फिरवून बशी शोधली, पेला जपून तिच्यात ठेवला. खिशातून गाडीची किल्ली काढली आणि शेजारी हात पुढे केला.

फरंगीस तिथे नव्हती, दुसऱ्या बाजूला होती. आवाज न करता ती उठली आणि त्याने हात पुढे केला होता तिथे जाऊन बसली.

“ठेव तुझ्याकडे,” तो म्हणाला.

“मला कुठे येते गाडी?”

“आता मला तरी कुठे येते,” इरज म्हणाला.