दोन पांढरे केस

येफेतने कालवडीच्या डाव्या कानामागचे केस फुंकर घालून बाजूला केले, भिंग डोळ्याशी नेलं आणि तसाच थांबला. मग त्याने भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

गोठ्यात तिघंच होते. येफेत, कालवडीचा मालक गेदल्या आणि यरुशलेमहून आलेले म्हातारे रब्बी. खोऱ्यातल्या उकाड्याने रब्बींच्या पापण्या जड झाल्या होत्या. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून तर येफेतला बोलावलं होतं. सारा जन्म त्याने घड्याळं दुरुस्त केली होती. केसाएवढी कमान त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसायची.

"काय झालं?" गेदल्याने विचारलं.

कालवड मान खाली घालून चारा चघळत होती. नखशिखांत तांबडी. तिच्या मानेवर कधी जू आलं नव्हतं, पाठीवर ओझं आलं नव्हतं. थंडीत कुणी पोतंसुद्धा टाकलं नव्हतं, कारण तेवढ्यानेही ती बाद झाली असती. गेदल्याने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

"अरे बाबा, जीव टांगणीला लावू नकोस. बोल काहीतरी."

"दोन आहेत," येफेत म्हणाला. "पांढरे. मुळापासून. शेजारीशेजारी."

रब्बींनी डोळे पूर्ण उघडले. "नीट पाहिलंस? एकच असेल तर उपटून चालतं, पण दोन..."

"दोन आहेत, रब्बी."

"गेल्या महिन्यात नव्हते," गेदल्या म्हणाला.

"नव्हते."

गेदल्याने गोठ्याच्या खांबाला पाठ टेकली आणि हळूहळू खाली सरकत जमिनीवर बसला. तिथूनच म्हणाला, "सगळ्या जगाला म्हातारपणी झापड येते. तुझ्याच डोळ्यांना कशी येत नाही रे?"

येफेतने भिंग डबीत ठेवलं. नळावर हात धुतले. रब्बी काहीतरी म्हणत होते, वाट पाहणाऱ्याचं पुण्य वाया जात नाही असं काहीसं, पण तो गाडीत जाऊन बसला होता.

गाडी त्याने लगेच सुरू केली नाही.

मेलेल्याला जो शिवला, किंवा मेलेला माणूस असलेल्या छपराखाली जो गेला, त्याचा विटाळ फक्त तांबड्या कालवडीच्या राखेने फिटतो, असं शास्त्र सांगतं. ती राख नाही, म्हणून मंदिर नाही, म्हणून हे सगळं अडून बसलेलं. आणि ती कालवड जाळणाऱ्या याजकालाही मरणाचा वारा लागलेला नको. असा माणूस आणायचा कुठून? तो जन्मापासूनच घडवावा लागतो. येफेतचं घराणं याजकांचं, कोहेनांचं. त्याने एक घडवला होता.

त्यासाठी त्याने डोंगरावरच्या वस्तीत खडकावर खांब उभारून घर बांधलं, आणि खाली वारा खेळेल एवढी पोकळी सोडली, म्हणजे जमिनीत एखादं विसरलेलं थडगं असलं तरी त्याचा विटाळ वर चढू नये. मूल बायकोच्या, बद्राच्या पोटातून त्याच घरात, सुईणीच्या हातात आलं. हा मुलगा, एल्याशीव, कधी दवाखान्यात गेला नाही, कधी कबरस्तानाच्या रस्त्याने गेला नाही. आजोबा वारले तेव्हा तो शेजारच्या टेकडीवर एका ओसाड द्राक्षमळ्यात दिवसभर बसून राहिला. शाळेतली पोरं त्याला बरणीतलं लोणचं म्हणायची. त्याने ते कधी घरी सांगितलं नाही. येफेतला ते दुसऱ्यांकडून कळलं, आणि त्याला पोराचा अभिमान वाटला.

बद्राने या सगळ्याला होकार दिला होता. निदान नकार दिला नव्हता.

मग तिच्या पोटात गाठ निघाली आणि तिला यरुशलेमच्या इस्पितळात ठेवावं लागलं. रब्बींनी येफेतला बजावून सांगितलं, "बायकोसाठी कोहेनने विटाळ पत्करायचा असतो. तुझा मुलगा वेगळा. तू जा."

"आई त्याचीही आहे," येफेत म्हणाला होता. "मी वर जायचं आणि त्याला म्हणायचं तू घरी थांब? कोणत्या तोंडाने म्हणू?"

त्याला तो न्याय वाटला होता. मुलाकडून जे मागितलं, ते त्याने स्वतःलाही लावून घेतलं. म्हणून रोज संध्याकाळी तो इस्पितळाच्या आवारात पाइन वृक्षाखाली उभा राहायचा, वर फोन करायचा, आणि बद्रा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत येऊन हात हलवायची. तो रश्शाचा डबा चौकीदाराजवळ द्यायचा. रात्री एल्याशीव पाठशाळेतून घरी यायचा. "कशी आहे इमा?" तो आईबद्दल विचारायचा. "उभी होती," येफेत सांगायचा. "स्वतःच्या पायांवर."

आता कालवड गेली होती. गाडीत बसल्याबसल्या त्याच्या लक्षात आलं की आज वर जायला काही हरकत नाही. हे लक्षात आल्यावर त्याला जे वाटलं ते आनंदाच्या इतकं जवळचं होतं, की त्याला स्वतःची शरम वाटली.

त्याने एल्याशीवला फोन लावला. बंद होता. दुपारी तो शहरातल्या पाठशाळेत असायचा.

इस्पितळाचं काचेचं दार आपोआप बाजूला झालं आणि येफेत उंबऱ्यावरच अडखळला. मागून व्हीलचेअर ढकलत येणारा माणूस म्हणाला, "जायचं तर जा बुवा, नाही तर वाट सोड." तो आत गेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर बद्रा झोपली होती. नाकात नळी, अंगावर चादर, आणि चादरीखाली माणूस आहे असं वाटू नये इतकी सपाट. येफेत तिथेच उभा राहिला. हे त्याला खालून कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या खाटेवरच्या जाडजूड बाईने मासिक खाली ठेवलं. तिचं नाव ल्युबा, हे त्याला फोनवरून माहीत होतं. रशियाकडची, एकटी, तोंडाळ.

"तुम्हीच ना ते, खाली झाडाखाली उभे राहून हात हलवणारे?"

"हो."

"आम्ही बायका म्हणायचो, या गृहस्थाला भीती कसली आहे, जिन्याची का बायकोची?" ती हसली नाही. "बसा. तुमचा मुलगा एवढ्यातच गेला. जरा लवकर आला असतात तर भेटला असता."

"माझा मुलगा नसेल तो."

"उंच, दाढी विरळ, बोलतो कमी. एल्या. जगात किती एल्या असतील, पण बद्राला इमा म्हणणारा एकच."

येफेतने खाटेची कड धरली.

"तो इथे येत नाही," तो म्हणाला. "येऊ शकत नाही."

"रोज येतो. दुपारी तिला भरवतो, तिचं अंग पुसून देतो. परिचारिका म्हणतात, आम्हाला एवढं जमत नाही. तुमच्या डब्यातला रस्साही तोच वर आणतो. माझ्या आधी या खाटेवर एक आजी होत्या, सांगतात. त्यांचं कुणी नव्हतं. त्या गेल्या तेव्हा हात धरून तोच बसला होता म्हणे. त्याला तसं बसायची सवय आहे, असं वाटलं बायकांना." ल्युबाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज जरा उतरला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"ती खिडकीत यायची," येफेत म्हणाला. "स्वतःच्या पायांवर."

"महिना झाला, तिला बसता येत नाही. तुमचा फोन आला की तो तिला उचलायचा आणि मागून कमरेला धरून उभी करायचा. स्वतः खाली वाकून. तुम्हाला दिसू नये म्हणून."

येफेत खुर्चीत बसला. बाहेर कुणीतरी भांड्यांची गाडी ओढत नेली. त्याने बद्राच्या उशाशी असलेला पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला.

तेवढ्या आवाजाने तिने डोळे उघडले. बराच वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"आलास," ती म्हणाली.

"आलो."

"म्हणजे कालवड गेली."

त्याने मान हलवली.

"कशाने?"

"दोन केस निघाले. कानामागे."

"गेदल्याची बायको रडली असेल." तिने श्वास घेतला, एवढ्या बोलण्याचाही तिला शीण होत होता. "पाणी."

त्याने पेला तिच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं आणि तिला ठसका लागला.

"चमच्याने," ल्युबा पलीकडून म्हणाली. "चमच्याने द्या. मुलगा चमच्याने देतो."

बद्राने ल्युबाकडे पाहिलं, मग येफेतकडे. तिला कळायचं ते कळलं.

"मीच बोलावलं त्याला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मला फार भीती वाटली."

"मला का नाही..."

"तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, खिडकीत ये."

येफेतने चमच्यात पाणी घेतलं. ते तिच्या ओठांपर्यंत नेताना अर्धं सांडलं.

"तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस," बद्रा म्हणाली.

"का?"

"तो म्हणतो, अब्बांकडे दुसरं काही नाही."

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. एकदा तिने विचारलं, बाहेर वारा आहे का. त्याने आहे म्हणून सांगितलं. दुपार कलली तशी तिच्या श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. तो नुसता तिचा हात धरून बसला, आणि हात धरायला किती उशीर झाला हे त्या हातालाच कळत असल्यासारखा तो हात त्याच्या हातात सैल पडून राहिला.

मग एका श्वासानंतर दुसरा आला नाही.

डॉक्टर आले आणि गेले. परिचारिकेने नळी काढली, चादर वर ओढली, मधला पडदा सरकवला. पडद्यामागे ल्युबा नाक ओढत होती. नेणारी माणसं थोड्या वेळात येतील, असं परिचारिका सांगून गेली. अशा वेळी देव हाच खरा न्यायाधीश आहे असं म्हणून सदऱ्याची कड फाडायची असते. येफेतने ती फाडली. शब्द म्हटले की नाही, हे त्याला आठवेना.

त्याने चादर चेहऱ्यावरून खाली घेतली. तिचे केस उघडे होते. लग्नापासून परक्या माणसाने तिचे केस पाहिले नव्हते. आणि आता कुणी अनोळखी पुरुष खाट ढकलत तिला नेणार होते. त्याने उशीखाली पाहिलं, चादरीखाली पाहिलं. कपाटाला कितीतरी कप्पे होते. तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

दाराशी पावलं वाजली. एल्याशीव आला होता, एरवी येफेतचा फोन यायचा त्या सुमाराला. हातात फळांची पिशवी होती. त्याने आधी बापाला पाहिलं, मग खाट पाहिली. पिशवी त्याने सावकाश भिंतीशी टेकवली आणि पाऊल मागे घेतलं.

"अब्बा," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मी आत आलेलो नाही. मी आत्ताच आलो, खालून. कुणीतरी निरोप दिला म्हणून."

एकाच छपराखाली उंबऱ्याच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, हे दोघांनाही पाठ होतं.

"कालवड बाद झाली," येफेत म्हणाला.

एल्याशीवने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले, आणि ते दुःखाने आले की सुटकेने, हे येफेतला ओळखू आलं नाही. आपल्या मुलाचं काय काय आपल्याला ओळखू येत नाही, याचा त्याला अंत लागेना.

"दुसरी मिळेल, अब्बा," मुलगा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गेदल्याकाकांकडे एक गाभण आहे. मी इथेच थांबतो. तुम्ही इमाजवळ बसा. मी बाहेरच बरा."

तो खरंच थांबला. दाराच्या चौकटीला हात लावून, नजर जमिनीवर. येफेतने त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांचा पोरगा, आणि खांदे ओझी वाहणाऱ्या म्हाताऱ्यासारखे. खालून उचलून, कमरेला धरून, वाकून.

जिन्याकडून चाकांचा आवाज येऊ लागला.

"एल्या," येफेत म्हणाला, "इमाचा डोक्याचा रुमाल कुठे असतो?"

एल्याशीवने मान वर केली. बापलेक एकमेकांकडे पाहत राहिले. चाकं कुठेतरी थांबली, कुणीतरी कुणाला खोलीचा पत्ता विचारला, आणि ती पुन्हा जवळ येऊ लागली.

"खालच्या कप्प्यात," मुलगा म्हणाला. "निळा घ्या. पांढरा तिला टोचतो."