मोराबाहेरचा डोळा

वैशाखातलं सोलापूर. आभाळ धुऊन, पिळून, वाळत घातलेल्या कोऱ्या मांजरपाटासारखं. त्यावर ना ढगाची वेल, ना घारीची बुट्टी. उन्हाच्या धाकाने सावल्यांनी झाडं सोडली होती आणि भिंतींच्या पायाशी अंग चोरलं होतं. पांढरं ऊन, मुकं ऊन, माणसाच्या पापण्यांवर तळहात ठेवून दाबणारं ऊन.

आणि त्या उन्हातून, पूर्व भागाच्या गल्ल्यागल्ल्यांतून, मागांचा अखंड घोष. खटाक्-खट. खटाक्-खट. हजार लोखंडी दातांनी सारं शहर एकच अफाट वस्त्र विणत बसलेलं, आणि ते कुणाच्या अंगावर पडायचं आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

असल्या दुपारी शहाणं माणूस उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. पण भूदेवीअक्का बोद्धूल निघते म्हणाली की निघायची. सूर्याला विचारून निघायची तिची रीतच नव्हती. रिक्षात ती ताठ बसली होती, शेजारी सून नागमणी, आणि नागमणीच्या मुठीत बोटाएवढा पेनड्राइव्ह. त्या बोटभर डबीत एक मोर होता.

अक्का आठ मागांची मालकीण होती. पण मालकीण काय, कुणीही होतं. अक्का नक्षी काढायची. शाळा दुसरीपर्यंत, सही करताना जीभ दातांत धरायची. पण चौकटींच्या कागदावर तिची पेन्सिल टेकली की चादरीवर कमळं उमलायची, गजराज झुलायचे, वेलींना वेली बिलगायच्या. पुढे कागद गेला आणि संगणक आला, तेव्हा पन्नाशीच्या या बाईने माउस लाटण्यासारखा मुठीत धरला आणि महिन्याभरात त्याच्याकडून पोळीसारखी गोल कमळं करून घेतली.

एक चौकोन म्हणजे एक धागा. तिने चौकोन भरायचा. पंचवाल्याने त्याचा छापलेला ग्राफ बघून पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक पाडायचं. भोक असेल तिथे मागाने धागा उचलायचा. चौकोनातून भोक, भोकातून धागा, धाग्यातून मोर.

घराचे नेम दोन. अक्काच्या नक्षीला दुसऱ्याचं बोट लागायचं नाही, हा पहिला. आणि मोराचा डोळा सगळ्यांत शेवटी, न्हाऊन, दिवा लावून, अक्कानेच भरायचा, हा दुसरा. तोवर तो नुसता आकार. डोळा भरला की पक्षी.

दिवाळीपासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. सरळ रेघ मधेच पोट काढायची. दाराची चौकट पाण्यात उभी असल्यासारखी हलायची. समोर माणूस असायचं, कानांसकट, खांद्यांसकट. मधला चेहरा तेवढा कुणीतरी ओल्या बोटाने पुसून नेलेला. अक्का माणसं बांगड्यांवरून ओळखू लागली, खोकल्यावरून, चपलेच्या फरकाट्यावरून. आणि यातलं एक अक्षर तिने कुणाजवळ काढलं नाही. दोष दिला तो पडद्याला. "मेल्याला मोतीबिंदू झालाय," म्हणायची आणि जुन्या संगणकाच्या पाठीत धपाटा घालायची.

मग, पंधरा दिवसांपूर्वी, आंधळे मोर आले.

मागावरून चादरींचा अख्खा गठ्ठा उतरला. तिच्या मुलाने, अंबादासाने, पहिली चादर अंगणात पसरली. दुधी भूमीवर डाळिंबी मोर. ग्रीवा कमनीय, तुरा तेजस्वी, पिसारा सहस्रनेत्र. आणि मुखावर डोळा नाही. एकाही मोराला नाही. अन् प्रत्येकाच्या माथ्यावर, तुऱ्याच्याही वर, कोऱ्या भूमीत, कारण नसताना उचललेला एकच डाळिंबी ठिपका. जिथे भोक हवं तिथे नाही, जिथे नको तिथे आहे. चूक कुणाची हे उघडच होतं. पंचवाल्याची.

मल्लय्या बावीस वर्षं त्या घरात पत्ते पाडत होता. जाड भिंगांचा चष्मा, खालच्या आवाजातलं बोलणं. तो एवढंच म्हणाला, "अक्का, ग्राफात नसलेलं भोक माझ्या हातून पडत नाही."

"मग माझ्या हातून पडलं? डोळे गेले तुझे, मल्लय्या. घरी बस."

बाराजण ऐकत होते. त्याने सदऱ्याच्या टोकाने पंच पुसला, टेबलावर ठेवला आणि तो गेला. भिंगं जाड होती, सगळ्यांना पटलं. नक्षी उघडून पाहावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. अक्काची नक्षी तपासायची म्हणजे देवाची मूर्ती काट्यावर चढवायची!

पण ज्या दिवशी आपला मोर चुकला त्या दिवशी भूदेवी संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नवा पडदा. म्हणून हे ऊन.

संगणकाचं दुकान म्हणजे थंडगार गुहा. काचेचं दार मिटलं आणि मागांचा घोष एकदम तुटला. इतका, की अक्काला आपलं काळीज ऐकू आलं. भिंतीला लागून पडद्यांची रांग, निळ्या डोहांची रांग, प्रत्येक डोहात न विझणारं शीतल चांदणं.

"या अक्का, या की. एवढ्या उन्हाचं कशाला आलाव ओ?" दुकानदार बिराजदार पुढे आला. अक्काला त्याची फक्त मिशीची टोकं दिसली.

"तुझ्याकडे सावली विकत मिळते म्हणे."

तो हसला. हा सत्तावीस इंची, तो त्याहून रुंद, ह्याची काच चकाकत नाही, त्याचा रंग खरा, इथे अक्षरं मोठी करता येतात.

"अक्षरं घेऊन काय करू? पोथी वाचायची आहे का मला? धागा दाखव धागा. आणि रंग डाळिंबी म्हणजे डाळिंबी. कुंकू दाखवून वीट विकू नकोस."

"डोळ्यांना एकदम आराम आहे बघा ह्याचा..."

"डोळ्यांचं नाव काढू नकोस. पडद्याचं बोल."

नागमणीने पेनड्राइव्ह लावला. पहिल्या डोहातून मोर वर आला, डाळिंबी, विराट, चौकोना-चौकोनांनी उजळलेला. अक्का वाकली. मानेच्या बाकाशी करडा धूर होता. "ह्याला डाग आहे. दुसरा लाव."

दुसऱ्या पडद्यावर धूर पिसाऱ्यात होता. तिसऱ्यावर काठाच्या कमळात. चौथ्यावर पायांशी.

"सगळं दुकान डागाळलेल्या मालाने भरलंस काय रे? गिऱ्हाईक काय आंधळं असतंय?"

बिराजदारने कापड घेऊन निर्मळ काच पुन्हा निर्मळ केली. मग नागमणीकडे पाहिलं, आणि नागमणीने जमिनीकडे. अक्काला ते दिसलं नाही. पण खोलीतली शांतता कूस बदलून झोपल्यासारखी बदलली, ते तिला कळलं.

"एक करू अक्का," तो हलकेच म्हणाला. "पडदा नुसता पांढरा करतो. कोरा. डाग असला तर लपणार कुठं?"

आणि पडदा पांढरा झाला. वैशाखाच्या आभाळासारखा निष्कलंक, निर्दय. त्या शुभ्रतेच्या मधोमध, बरोब्बर अक्का पाहत होती तिथे, धुराची चकती. काठांनी विरलेली, मधे दाट.

"हा काय! हा!" म्हणत अक्काने चकतीवर बोट ठेवलं.

बोटाला टोक नव्हतं.

पेर होतं, पेरामागे वळं होतं, मनगटावर हिरवी काकणं होती. आणि नख नव्हतं. तिने बोट डावीकडे नेलं, नजर मागोमाग गेली, नख नव्हतं. वर नेलं, नव्हतं. हात मागे घेऊन तिने तो पदराजवळ धरला, पडद्यापासून दूर, काचेपासून दूर. पदर होता, हात होता, आणि जे पाहावं ते नव्हतं.

डाग काचेत नव्हता. डाग तिच्याबरोबर रिक्षातून आला होता. दिवाळीपासून तिच्या पाटावर जेवत होता, तिच्या उशीवर निजत होता.

मग ती म्हणाली, "मोर आण. त्याचं तोंड मोठं कर. अजून मोठं. थाळीएवढं."

आणि मग तिने मान वळवली. कोंबडी दाणा पाहते तशी. मोर स्वतः पाहतो तशी. थेट पाहिलं तर काळोख होता. तिरकं पाहिलं की काळोखाच्या किनारीवर जग अजून शिल्लक होतं. त्या किनारीवर, नजरेच्या शेवटच्या धाग्यावर, तिला मोराचं मुख दिसलं. मधला चौकोन रिकामा. आणि तुऱ्याच्या वर, कोऱ्या भूमीत, तिने स्वतः न्हाऊन, दिवा लावून, हात जोडून भरलेला एक चौकोन. डाळिंबी. एकाकी.

तिने डोळा भरला होता. मोराबाहेर भरला होता.

"नागमणी."

"ओ, अत्ता." सासूला अत्ता, ही त्यांच्या घरची हाक.

"तुला माहीत होतं."

सुनेची काकणं हलली, थांबली. "ग्राफ छापला तेव्हाच दिसलं होतं. पण तुमच्या नक्षीला... मला वाटलं, तुम्ही काहीतरी योजून ठेवलंय."

"अन् मल्लय्या गेला तेव्हा?"

नागमणी बोलली नाही. अक्काच्या जिभेवर आलेले शब्द जिभेवरच वाळले. सुनेची ही चुप्पीही अक्काचीच नक्षी होती. वर्षानुवर्षं, एकेक चौकोन, तिने स्वतःच्या हाताने भरलेली. आणि या नक्षीत मात्र एकही चौकोन चुकला नव्हता.

"हाच दे," ती बिराजदारला म्हणाली. "हा थोरला, न चकाकणारा. आणि माउस हिच्या हाताच्या मापाचा बघ. माझा पंजा रुंद आहे."

खोक्यात पडदा गेला, खोकं नागमणीच्या हातांत आलं. दार उघडताच ऊन आणि घोष दोन्ही एकदम अंगावर कोसळले.

"अत्ता, आधी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. इथून जवळ आहे."

"आधी मल्लय्याकडे."

"उशीर झाला तर आहे तेही..."

"बारा माणसांत बोलले होते मी. चल."

मल्लय्याच्या गल्लीत ऊन ताम्रवर्ण झालं होतं. दारोदारी बाया मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत होत्या. कात्र्यांची किरकिर, तंबाखूचा उग्र दरवळ. रिक्षा थांबली तशा कात्र्या थांबल्या. बोद्धूलांची अक्का, आणि आपल्या गल्लीत!

तो दाराशी बसला होता. खोकला, म्हणून तिला कळलं. ती उतरली. नागमणीने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. तीन पावलं चालली आणि उभी राहिली, आणि आवाज चढवला, अंगणात चढवला होता तितकाच, गल्लीच्या टोकाला पोचेल इतका.

"मल्लय्या! तुझं भोक बरोबर होतं. डोळा मीच चुकीच्या जागी भरला. डोळे माझे गेलेत. उद्या ये. पत्ते पाडायला ये."

गल्ली निश्चल. एकही कात्री हलेना. अक्का त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

कान होते. कानांवर चष्म्याच्या काड्या होत्या. पांढऱ्या केसांची झालर होती, खांद्यावर पंचा होता. आणि मधे, जिथे माणूस क्षमा करतो किंवा करत नाही तिथे, धुराची चकती होती.

तो हसला असेल. रडला असेल. मान फिरवली असेल. नागमणीला दिसत होतं, सुपांमागच्या साऱ्या बायांना दिसत होतं. पूर्ण गल्लीत फक्त जिला पाहायचं होतं तिलाच दिसत नव्हतं. आणि विचारायचं कसं? आयुष्यात तिने कुणाला काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

तिने मान तिरकी केली. पण तोवर काड्या हलल्या, पंचा हलला, आणि दाराच्या चौकटीत नुसता अंधार उरला.

कुणीतरी कात्री पुन्हा चालवली. मग दुसरीने. मग सगळ्यांनी.

अक्काने मान वर केली. वर कोरं आभाळ, वेल नसलेलं, पक्षी नसलेलं. आणि त्या अफाट कोऱ्या वस्त्रावर, कुणा अदृश्य मोराच्या माथ्यावर, जागा चुकून भरलेला एकच चौकोन. काळा. तिने घराच्या दिशेला पाहिलं, तिथे तो. रिक्षातल्या सुनेच्या मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं, तिथे तो. आपल्याच रिकाम्या ओंजळीत पाहिलं, आणि तो ओंजळीत होता. खटाक्-खट, गल्लीपलीकडून माग म्हणत होते, खटाक्-खट, धागा उचल, धागा सोड, धागा उचल, धागा सोड.