निःपक्ष साक्षीदार

“चाचा, फक्त ‘हो’ म्हणायचं. त्यापुढे एक अक्षर नको,” संशोधन कक्षातल्या हेमाने शमशुद्दीनला जिन्यातच गाठून सांगितलं.

अकरा वाजता चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं. आत्ता कुठे साडेनऊ झाले होते. घरून निघताना त्याने सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावली होती. त्याच्या बायकोने, नूरबानूने, ती काढून पुन्हा लावली आणि दवाखान्यात काही झालंय का, एवढंच विचारलं. काही नाही, असं सांगून तो येरवड्याच्या बस थांब्याकडे सुटला होता. ती दारात उभी राहून बघत होती, म्हणजे तिला पटलेलं नव्हतं.

शमशुद्दीन मेडिकल कॉलेजच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपाई. गेली बत्तीस वर्षं, जुन्या फायली काढणं आणि जागेवर ठेवणं हे त्याचं काम. पण शेजारीच संशोधन कक्ष होता, आणि तिथे त्याचा मान वेगळाच होता. नवं औषध माणसांना देऊन बघायचं तर आधी त्यांची संमती लागते. अकरा पानांचा कागद असतो. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवायचा, आणि ते सगळं ऐकायला बाहेरचा एक माणूस बसवायचा. कागदावर त्या माणसाला ‘निःपक्ष साक्षीदार’ म्हणतात. कक्षातल्यांना तो होता येत नाही. शमशुद्दीन कक्षातला नव्हता, त्याचं अक्षर सुरेख होतं, आणि हाक मारली की तो हजर असायचा. मग दुसरा शोधतो कोण?

छत्तीस जणांसाठी तो बसला होता, आणि नुसता बसला नव्हता. वाचन संपलं की तो पेशंटकडे वळून विचारायचा, “आता मला सांगा, काय समजलं?” असं विचारायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चाचा आमचीच परीक्षा घेतात, असं डॉक्टर पुटपुटायचे. पण पेशंटने चार गोष्टी धड सांगितल्याशिवाय शमशुद्दीन पेनाचं टोपण काढायचा नाही. आधी पेशंटचा अंगठा, मग साक्षीदाराची सही, हा क्रमही त्याने कधी मोडला नव्हता.

सदतिसावी शकू. मार्केट यार्डात कांदा निवडणारी, सांधेदुखीने हैराण झालेली बाई. त्या दिवशी त्याच्या मुलीला, नजमाला, बघायला वारज्याहून पाहुणे येणार होते आणि शमशुद्दीनने अर्धी रजा टाकली होती. पिशवी खांद्याला लावून तो निघालेला असताना हेमाने हाक मारली. वाचून झालंय चाचा, तुमची सहीच राहिलीय, ती म्हणाली. शकू स्टुलावर बसली होती, अंगठा मुठीत दाबून. त्याने उभ्या उभ्या सही केली आणि बस पकडली. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली, पेढे आले, आणि तो कागद तो विसरून गेला.

गेल्या आठवड्यात शकूला पिवळ्याधमक डोळ्यांनी वॉर्डात आणलं. तीन आठवडे घरी उलट्या होत होत्या, तरी ती गोळ्या घेत राहिली होती. यकृत पार बिघडलं होतं. मध्येच बंद का केल्या नाहीत, असं डॉक्टरांनी विचारलं, तर ती म्हणाली, बंद केल्या तर दवाखान्यातून नाव काढतील. सहाव्या पानावर तर नेमकं उलटं छापलं होतं : केव्हाही सोडून जाता येईल, उपचार बंद होणार नाहीत. मग ते पान वाचलं होतं की नाही?

“मी तोंडी सांगितलं होतं हो, थोडक्यात,” जिन्याचा कठडा धरून हेमा म्हणाली. “चार पेशंट बसले होते त्या दिवशी. सहावं पान… नाही आठवत मला, चाचा. माझं करिअर संपेल.” पोरगी वाईट नव्हती. सहा महिन्यांपूर्वी नूरबानूच्या ऑपरेशनच्या वेळी हीच रात्रभर धावली होती. शमशुद्दीनच्या निवृत्तीला सात महिने उरले होते, नजमाचं लग्न डिसेंबरात होतं, आणि व्याह्यांच्या कानावर असलं काही गेलं तर? हो म्हणावं. एका अक्षराचं तर काम.

पाय मात्र त्याला वॉर्डात घेऊन गेले. शकू उशीला टेकून पडली होती. तिने आपल्याला ओळखू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं.

“तुमी सहीवालं बाबा न्हवं?” ती म्हणाली. “या की.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तो कसाबसा म्हणाला, “शकूबाई, त्या दिवशी तुम्हाला सगळं वाचून दाखवलं होतं का?”

“काय की. पोरगी भराभरा बोलत हुती. माझा जीव धजत न्हवता अंगठा द्यायला. मंग तुमी आलासा. पांढऱ्या केसांचा माणूस, बघून सही केली. म्हनलं, ह्यांनी केली म्हंजी बरंच असंल. मंग दिला अंगठा.”

बाई त्याच्या भरवशावर या खाटेपर्यंत आली होती.

अकरा वाजता आत बोलावणं आलं. लांब टेबलामागे पाच जण होते. मधोमध बसलेले निवृत्त न्यायाधीश कागद उलटत होते. हेमा भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

“हा कागद वाचून दाखवला तेव्हा आपण हजर होतात?” न्यायाधीशांनी विचारलं.

पंखा फिरत होता. ‘हो’ त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं.

“नव्हतो, साहेब.”

“मग सही कशाची केलीत?”

“घाईची.”

कुणी हसलं नाही. मागे हेमाच्या हुंदक्याचा आवाज आला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्यायाधीश कोरडेपणाने म्हणाले की खुलासा लेखी द्यावा लागेल आणि यापुढे आपण साक्षीदार म्हणून बसायचं नाही. नोकरीबाबत ऑफिस कळवेल. त्याने मान हलवली आणि कोऱ्या संमतिपत्राची एक प्रत मागून घेतली.

भीती गेली नव्हती. संध्याकाळी नूरबानूला काय सांगायचं, नजमाला काय सांगायचं? तरी तो वॉर्डात गेला, शकूच्या खाटेशी स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. अकराची अकरा पानं. मध्ये ती दोनदा पेंगली. तो थांबला आणि ती जागी झाल्यावर त्याच ओळीपासून पुन्हा वाचू लागला. सहावं पान त्याने दोनदा वाचलं.

“आता मला सांगा,” शेवटी तो म्हणाला, “काय समजलं?”

शकूने उशीवरची मान उचलली.

“मला कवाबी सोडून जाता येत हुतं.” मग तिने पिवळे डोळे त्याच्याकडे वळवले. “मंग आता जाऊ का, बाबा? घरला?”

शमशुद्दीनने तिच्या हाताला लावलेल्या सलाईनकडे पाहिलं. त्याने अकरा पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली आणि तो तिथेच बसून राहिला. तिचा अंगठा आताही मुठीत दाबलेला होता.