तात्पुरती सोय

‘वर्कअराउंड’ हा शब्द आईने माझ्या फोनवरच्या बोलण्यातून उचलला. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढण्याचा पगार घेते. त्या दिवशी कुणावर तरी करवादत होते, "अरे, आज वर्कअराउंड दे, मूळ दुखणं नंतर बघू."

"ते काय असतं गं?" आईने विचारलं. तिचा आवाज तेव्हाच घोगरा झाला होता.

"तात्पुरती सोय. आपल्या कपाटाचं दार सारखं उघडतं म्हणून आपण फटीत कागदाची घडी कोंबतो ना, तसं. दार बिघडलेलंच राहतं, पण काम अडत नाही."

"आणि दार दुरुस्त कधी करतात?"

"घडी बसल्यावर कोण करतंय? आपली घडी किती वर्षं आहे बघ."

ती म्हणाली, "म्हणजे दुकानातली मी."

मी हसले. ती हसली नाही.

दुकान चष्म्यांचं. मागच्या खोलीत बाबा काचा घासतात, पुढे काउंटरवर दादा त्या फ्रेममध्ये बसवतो, आणि मधल्या दारात स्टुलावर आई. बाबांनी एकदा गिऱ्हाइकासमोर दादाला "तू इथे कामाला आहेस, मालक नाहीस" असं सुनावलं, तेव्हापासून दोघांचा अबोला. बरं, एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नाही. काचेशिवाय फ्रेम काय चाटायची? म्हणून मध्ये आई. "त्यांना सांग, काच जाड झालीय." "त्याला सांग, फ्रेमच तकलादू आहे." मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून ती इकडचं तिकडे करायची, आणि वाटेत दोघांच्या बोलण्यातलं विष तेवढं गाळून टाकायची. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं, मलासुद्धा. आमच्या घरात कशी शांतता आहे, असं मी मैत्रिणींना खुशाल सांगायची.

मग आईच्या स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, जखम भरेपर्यंत एक शब्द नको, कुजबुजसुद्धा नको, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

मी रजा काढून दुकानात बसायला गेले. आईला घरी राहा म्हटलं, पण ऐकेल तर ती आई कसली. ती तिच्या स्टुलावर, मी तिच्या बाजूला उभी. काउंटरपलीकडे एक शिक्षिका नव्या चष्म्यासाठी खोळंबल्या होत्या.

"आई, त्यांना विचार..." दादा सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पण सवय आईलाही होती. तिचे ओठ हलले, गळ्याची शीर ताठली. तिने कसेबसे ओठ मिटून घेतले.

तेवढ्यात मागून बाबा मला म्हणाले, "त्याला विचार गं, उजवी काच सैल बसतेय का?"

आईला वाचवायचं म्हणून मी घाईघाईने तोंड उघडलं, "दादा, बाबा विचारतायत..."

आईचा तळहात फाडकन माझ्या तोंडावर आला. ओठ दातांवर चेपला. ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. स्वतःच्या जागी मला कोंबायला ती तयार नव्हती.

बाबांनी मशीन बंद केलं. शिक्षिका पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागल्या.

बाबा एप्रनला हात पुसत दारापर्यंत आले. "सैल बसतेय का?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

दादाने बराच वेळ फ्रेम उलटसुलट केली. "उजवी नाही, डावी," तो शेवटी म्हणाला. "आणि काच जाड आहे. नेहमीसारखी."

"फ्रेम तकलादू आहे."

"मग या इकडे आणि दाखवा कुठे तकलादू आहे ते!"

बाबा आईच्या बाजूने वाट काढत काउंटरपाशी गेले. आधी काचेवरून जुंपली, मग ‘मालक कोण’ यावरून. इतकी वर्षं आईने गाळून ठेवलेलं सगळं बाहेर येत होतं, तेही गिऱ्हाइकासमोर. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ही मध्ये पडणार.

तिने डोळे पुसले, उठून मधल्या दारातलं आपलं स्टूल उचललं आणि खिडकीपाशी नेऊन ठेवलं.