तिसरा रविवार

१९४७ सालचा मे महिना. हेस्टरच्या तळहातावर सुतळीचा तुकडा, वीतभरही नाही... गाठ अजून तशीच. शुक्रवारी सकाळी मटारच्या वेलांना लावायच्या काटक्यांची, याच सुतळीनं बांधलेली मोळी कुणीतरी परसदारी ठेवून गेलं होतं. शेजारीच असतील, हेस्टर स्वतःला बजावत होती. पण गाठीचा फास डावीकडे वळला होता, आणि नॉरफोकमधल्या त्या गावात डाव्या हातानं अशी गाठ मारणारा एकच माणूस होता — विल्फ्रेड, तिचा नवरा, जो पाच वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या लढाईत बेपत्ता झाला आणि मग सरकारी कागदावर मेला.

"अगं, दुसऱ्यांदा नवरी होतेयस, तरी चहा सांडतेस?" हॅट सारखी करत डॉर्कसमावशी म्हणाली.

"मावशी, आज मीपण येऊ चर्चला?"

"वेड लागलंय? आपल्या लग्नाची घोषणा आपल्याच कानांनी ऐकली की पोरं मुकी-बहिरी निपजतात. तुझा सिरिल बघ, कसा शहाण्यासारखा डुकरांपाशी बसलाय!"

"कुणी हरकत घेतली तर..."

"कोण घेतंय, बाई! तीनपैकी दोन रविवार घोषणा झाली, कुणी खोकलंसुद्धा नाही."

पाद्रीबाबांचं वाक्य तिला पाठ होतं — या विवाहात कुणाला अडचण ठाऊक असेल, तर त्यानं ती डिक्लेअर करावी. एरवी गावात हा शब्द कुणाच्या तोंडी नसे. माणसं सांगत, कुजबुजत, बोंबलत. डिक्लेअर व्हायचं ते रेडिओवर, युद्ध... आणि मैदानावर. विल्फ्रेड गवतात लोळत म्हणाला होता, "कप्तानानं डाव डिक्लेअर केला ना, की संपलं. कितीही वाटलं तरी परत बॅट हातात घ्यायची नाही." तेव्हा ती हसली होती.

मावशी पुढे गेली, आणि थोड्या वेळानं चर्चची घंटा थांबली. बोडक्यानंच ती निघाली, आणि चर्चच्या अर्धवट उघड्या दाराआड उभी राहिली.

"...हेस्टर गॅरड, विधवा, याच गावची..."

विधवा. मग 'डिक्लेअर' हा शब्द आला, आणि त्यामागून शांतता — लांबच लांब, सगळ्या बाकांवरून सरकत दारापर्यंत आलेली. ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि मला एकटीलाच... मुठीत गाठ रुतत होती. एक पाऊल टाकलं की झालं. पण सिरिलनं कालच घराच्या भिंतींना चुना दिला होता, आणि पाच हिवाळे ती एकटी निजली होती, आणि गाठ तर कुणीही...

आतून स्तोत्र सुरू झालं.

जूनमध्ये लग्न लागलं. डॉर्कसमावशी त्याच हिवाळ्यात गेली, भाचीचं भलं झालं या समाधानात. पाद्रीबाबा बदलून समुद्राकाठी गेले. सिरिलनं तीस वर्षं सुखानं संसार केला, आणि काही विचारलं नाही. विल्फ्रेडला कुणी पाहिलं नाही. काटक्याही पुन्हा आल्या नाहीत. मुली दोन झाल्या, दोघी तिखट कानांच्या, बडबड्या. "आई, एवढी दचकतेस काय गं?" त्या हसत.

परसातल्या फाटकाची कडी वाजली की हेस्टरची नजर आधी येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जातच नसे — फाटक कोणत्या हातानं ढकललंय, तेवढंच ती बघे.