कडक बटणाचा टेपरेकॉर्डर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. म्हातारा म्हणा, खरखऱ्या म्हणा, पण भंगार म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही.

मित्रांनो, कारखान्यातून निघालो तो मी थेट एका सिनेमागृहाच्या मशीनखोलीत आलो. सिनेमा दाखवणारे ऑपरेटर काका माझे मालक. त्या काळी एक सिनेमा अनेक रिळांत यायचा आणि मशीन दोन असायची. एकावरचे रीळ संपता संपता दुसरे सुरू करावे लागे, नाहीतर पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्याच शिट्ट्या. बाकीचे ऑपरेटर पडद्याच्या कोपऱ्यातली खूण बघत, काका मात्र संगीत ऐकत. एका सिनेमात पाठलागाच्या वेळी व्हायोलिन चढत जाई, मग ढोलाचे तीन ठोके पडत. तिसऱ्या ठोक्याला काकांचा उजवा हात दुसऱ्या मशीनचा दांडा ओढी. तो एकदाही चुकला नाही. ते संगीत त्यांनी माझ्यावर कॅसेटमध्ये भरून घेतले, मशीनच्या खडखडाटासकट. काकू म्हणायच्या, "लोक गाणी भरतात, आमचे हे पाठलाग भरतात."

पुढे सिनेमागृह बंद पडले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी वर्षानुवर्षे धूळ खाल्ली. कोणी साधी चौकशी केली नाही, याचा राग मला अजून आहे.

एके दिवशी काकांच्या लेकीने मला खाली उतरवले. पुसता पुसता ती आईशी बोलत होती, त्यावरून सगळे कळले. काकांना पक्षाघात झाला होता, उजवा हात लुळा पडला होता. संगीताने उपचार करणाऱ्या ताई त्यांना मोबाइलवर मंद पियानो ऐकवत आणि काका पाच मिनिटांत घोरू लागत. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "आणखी आठवडाभर बघू. हात हललाच नाही तर हे उपचार थांबवू."

मी आणि ती पाठलागाची कॅसेट रुग्णालयात पोचलो. ताईंना तिची संथ सुरांची बाजू लावायची होती, घाईत त्यांनी उलटी लावली. पाठलाग सुरू झाला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले. ताई मला बंद करायला धावल्या, तेवढ्यात तिसरा ठोका पडला आणि काकांचा उजवा अंगठा हलला.

"पुन्हा लावा," लेक म्हणाली.

त्या दिवशी तो पाठलाग अकरा वेळा झाला. आठवडा संपेपर्यंत काकांची दोन बोटे वळू लागली. डॉक्टर खूश झाले, पण मला बघून म्हणाले, "उपचार चालू ठेवा. हे खोकं मात्र हलवा इथून. मोबाइलवर भरून घ्या सगळं."

ताईंनी भरून घेतले. मोबाइल काकांच्या पुढ्यात ठेवला. त्यावर बोट नुसते टेकले की वाजते. काकांनी डाव्या हाताने तो बाजूला सारला.

"हा नको," ते अडखळत म्हणाले. "याला जोर लागत नाही."

मित्रांनो, माझे बटण जन्मापासून कडक आहे. त्यावरून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली. काकांनी उजवे बोट त्याच बटणावर ठेवले. ते घसरले. पुन्हा ठेवले, पुन्हा घसरले. लेक मदतीला पुढे झाली, तिला त्यांनी नजरेनेच थांबवले. तिसऱ्यांदा त्यांनी सगळा खांदा त्या बोटात ओतला.

खट्. व्हायोलिन चढू लागले. डॉक्टर दारातच उभे होते. ते म्हणाले, "राहू द्या खोकं."

आता मी रुग्णालयातच खिडकीपाशी असतो. दर सकाळी हात लुळा पडलेले कोणी ना कोणी माझ्या बटणाशी झटापट करते. मला पुसा, माझी कॅसेट उन्हात ठेवू नका, एवढे कराच. पण कोणी तेलाची बाटली घेऊन माझे बटण मऊ करायला आले, तर त्याला आधी काकांचा उजवा हात दाखवा; माझ्या कडक बटणाशी झगडूनच त्यात जोर आला.