झगा ठेवा तुमच्याकडे

तिकोणा पेठेजवळच्या आमच्या रिसॉर्टच्या फाटकावर इंग्रजीत भलंमोठं 'एस्केप' लिहिलंय. पाहुण्यांची गाडी आली की आम्ही अकरा जणांनी फेटे बांधून रांगेत उभं राहायचं आणि मी, रिसेप्शनवाल्या कोमलनं, त्या शब्दाची गोष्ट सांगायची. लॅटिनमधून आला म्हणे. मूळ अर्थ, झग्यातून बाहेर. पकडणाऱ्याच्या हातात नुसता झगा राहतो, माणूस निसटतो. पुढे अर्थ वाढले. तुरुंगातून पळणं एस्केप, नळीतून गॅस सुटणं एस्केप, कीबोर्डच्या कोपऱ्यातलं बटणही एस्केप. पाहुणे खूश होतात. दीड वर्षं ही पोपटपंची करतेय मी, आणि माझी बारावीची मूळ मार्कशीट मॅनेजरच्या कपाटात कुलूपबंद. रांगेतल्या सगळ्यांचे कागद तिथेच. कुणी नोकरी सोडून जाऊ नये म्हणून.

चूक आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची. मार्कशीटला हळद-कुंकू लावून ते स्वतः द्यायला आले होते. मी झेरॉक्स देऊ म्हणत होते.

"झेरॉक्स दिली तर सायबाला वाटंल, आपला त्याच्यावर भरवसा न्हाई," अण्णा म्हणाले.

भरवसा म्हणे. आठवलं तरी अंगाची आग होते.

यंदा तळेगावला नर्सिंगला माझा नंबर लागला. सोमवारपर्यंत मार्कशीट दाखवायची, नाहीतर जागा गेली. मी तीनदा मागितली. "सीझन संपू दे, मग बघू," मॅनेजर म्हणाला. तिसऱ्यांदा तर हसला. मग अण्णा टोपी हातात घेऊन विनवायला आले. त्यांना त्यानं बसा म्हणायचीसुद्धा तसदी घेतली नाही. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आमच्या शाळेतल्या सविता मॅडमना फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं.

शनिवारी सकाळी पाहुण्यांची बस आली. रांग लागली. मॅनेजर शेजारीच उभा. मी पाहुण्यांकडे पाठ केली आणि आमच्या माणसांकडे तोंड.

"रूपा, करण, समद्यांनी नीट ऐका. शाळंत अर्ज दिला की बोर्डातनं मार्कशीटची दुसरी प्रत मिळती. म्या अर्ज दिलाय. तवर थांबायचं कॉलेजानं कबूल केलंय. ह्यांच्या कपाटात हाय तो निस्ता झगा."

"कोमल, काय चाललंय हे?" मॅनेजर खेकसला.

"माझा झगा ठेवा तुमच्याकडे," मी म्हणाले. "हळद-कुंकवासकट."

पाहुणे गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मी तडक फाटकाकडे चालू लागले. तिथे पोचल्यावर मी वळून पाहिलं.

रूपानं डोक्यावरचा फेटा उतरवून मॅनेजरच्या हातात दिला होता. करण आपला सोडत होता.